धाकट्याकडे सुट्टीला

३ एप्रिल, मंगळवार

हा धाकटाच आहे. शंभर टक्के धाकटा! अक्षर बघा कसं आलंय.

आमच्या चष्म्याच्या दुकानाला आज सुट्टी. दुपारी मी कपड्यांच्या घड्या घालत बसले होते, तर भिंगरीने फोन माझ्या नाकाला लावला. (लेक चौदा वर्षांची झाली, पण एका जागी बसायचं अजून शिकली नाही, म्हणून भिंगरी.) यंदा तिला मावशीचं घर नको, समुद्र नको. डोंगर हवा. आणि तोही गॅलरीत चहा पीत बघायचा नाही – तंबू, नदीत राफ्टिंग, कड्यावर दोर! तिने एक कॅम्प शोधून काढला होता. फोटो एकामागून एक सरकवत होती. दरी, नदी, दरी, नदी... आणि मध्येच एक दाढीवाला. डोक्याला हेल्मेट, खांद्यावर दोराचं वेटोळं, कॅमेऱ्याकडे न बघता कुणावर तरी ओरडतोय.

"थांब," मी म्हणाले. "मागे जा."

ओरडताना डावी भुवई अशी वर जाणारी माणसं मी जगात दोनच पाहिलीत. एक माझा नवरा. दुसरा त्याचा भाऊ.

सहा वर्षं! फोन नाही, निरोप नाही. सासरे गेल्यावर ड्रायव्हिंग स्कूल दोघं भाऊ मिळून चालवायचे. मग एक दिवस धाकट्याने गाडीच्या चाव्या टेबलावर ठेवल्या. "दादा, मला आयुष्यभर लोकांना क्लच शिकवायचा नाहीये. मी डोंगरात जातोय." हे म्हणाले, "जा. मी अडवलंय का?" बस. शिवी नाही, आदळआपट नाही. एवढ्या दोन वाक्यांवर सहा वर्षं!

भिंगरी विचारतेय, "आई, तू अशी पांढरी का पडलीस?"

४ एप्रिल, बुधवार

भिंगरीला सगळं सांगितलं. सांगायलाच लागलं, नाहीतर बापाला जाऊन विचारलं असतं तिने.

मालक बाहेर गेलेले बघून दुकानातून कॅम्पला फोन लावला. एका बाईने उचलला, घोगरा आवाज. "सर दोरावर आहेत. खाली आले की फोन करतील." दोरावर आहेत! आपल्याकडे मीटिंगमध्ये असतात.

तासाभराने फोन वाजला तेव्हा एक आजोबा समोर बसलेले आणि त्यांच्या चष्म्याची काडी मी हीटरवर गरम करून वाकवत होते. फोन खांदा आणि कानात धरला.

"नमस्कार, बुकिंगसाठी फोन केला होता ना आपण?"

"भावजी," मी म्हणाले.

पलीकडे नुसता वारा. मग एकदम लहान मुलासारखं – "वहिनी?"

काडी मोडली हातात. इतक्या वर्षांत माझ्या हातून काडी मोडली नव्हती.

"दादाला काही झालं का?" पहिला प्रश्न हा!

"काही झालं नाही. ठणठणीत आहेत. आम्ही सुट्टीला येतोय. तिघं. तुमच्याकडे."

"दादा? इथे?" मग खो खो हसला. "वहिनी, तो बल्ब बदलायला स्टुलावर चढत नाही!" हसता हसता नाक ओढल्याचा आवाज आला. "त्याला सांगू नका, मी इथे आहे म्हणून. सांगितलंत तर नाही यायचा."

आजोबा मात्र भला माणूस. म्हणाले, "बाई, आधी डोळे पुसा. काडीचं मग बघू."

६ एप्रिल, शुक्रवार

जेवताना भिंगरीने कॅम्पची माहिती मोठ्याने वाचून दाखवली. मी ताटाकडे बघत बसले. आता "नाही" येईल, मग "वेड लागलंय का" येईल, मग दोघींनी कसं लावून धरायचं ते ठरलेलं होतं.

मास्तर म्हणाले, "कड्यावर दोर? बरं."

बरं?! (सगळं गाव यांना मास्तर म्हणतं, मीही इथे मास्तरच लिहिते.) पावसात गच्चीवरचे कपडे काढायला मला पाठवणारा हा माणूस. कठड्याजवळ जायला नको म्हणून!

फक्त एकच विचारलं, "गाडी शेवटपर्यंत जाते का?"

भिंगरीने टेबलाखालून मला लाथ मारली. मी भात परत वाढला, कुणी मागितला नव्हता तरी.

९ एप्रिल, सोमवार

मास्तरांनी रेनकोट आणले. तिन्ही भडक पिवळे. "नदीत पडलो तर लांबून दिसलो पाहिजे." या माणसाची सुट्टीची कल्पना!

१२ एप्रिल, गुरुवार

आज जे पाहिलं ते आधी लिहून टाकते.

दुकानातून लवकर सुटले. घराला कुलूप, मास्तरांची गाडी मात्र खाली उभी. शेजारीण म्हणाली, "गच्चीवर गेलेत. रोजच जातात हल्ली." धावत वर गेले. मास्तर कठड्याला खेटून उभे! दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरलेला, डोळे मिटलेले, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला.  हाक मारली तर दचकतील, नाही मारली तर...

"आलीस का," डोळे न उघडताच म्हणाले. "पावलं ओळखतो मी. घाबरू नकोस. सराव करतोय."

"कसला सराव?"

"खाली बघायचा. परवा तिसऱ्या मजल्याच्या खिडकीपर्यंत बघून झालं. आज दुसऱ्याच्या."

मी टाकीच्या पायरीवर बसले. ते माझ्याशेजारी येऊन बसले.

"मला माहीत आहे तिथे कोण आहे ते," म्हणाले.

"कुणी सांगितलं?" मी विचारलं.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा एक विद्यार्थी त्या कॅम्पला जाऊन आला होता. येऊन म्हणाला, सर, तिथला गाइड अगदी तुमच्यासारखा ओरडतो! 'पाय दाबू नका, टेकवा! समोर बघा, माझ्याकडे काय बघताय!' – वाक्यंसुद्धा तीच. मास्तरांनी ओळखलं. गप्प राहिले. दोन वर्षं! माझ्या शेजारी झोपणारा, माझ्यासमोर जेवणारा माणूस!

"मग फोन का नाही केलात?"

 खाली कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, होत नव्हती.

"'जा' मीच म्हणालो होतो. आता 'ये' पण मीच म्हणायला हवं ना? ते फोनवर कसं म्हणायचं? समोर उभं राहून म्हणावं लागतं. आणि समोर जायचं म्हणजे त्या कड्यावर जायचं."

मी पदराने त्यांची मान पुसली.

१५ एप्रिल, रविवार

भिंगरी कुणाला बधणार! बापाला माहीत आहे कळल्यावर तिने सरळ फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि टेबलाच्या मधोमध ठेवला. "काका, बाबा इथे बसलेत. बोल."

मी आत जाणार होते. गेले नाही. 

 मास्तर टेबलावरचा नसलेला कण बोटाने झाडत होते. शेवटी धाकटाच बोलला.

"दादा, बूट घेतलेस का?"

"नाही अजून."

"कितवा नंबर? आठच ना?"

"आता नऊ लागतो."

"मग दहा घे. उतरताना बोटं पुढे येतात, नखं काळी पडतात. आणि घरात घालून चाल आधी."

"बरं."

"जाड मोजे घे."

"घेतो. तिथे थंडी कितपत असते?"

"सकाळी असते. ऊन आलं की जाते."

"बरं. ठेवू?"

"ठेव."

झालं! सहा वर्षांनंतर दोन भावांचं बोलणं झालं – बूट, मोजे आणि थंडी! मी कपाळावर हात मारला. भिंगरीने तर डोकं टेबलावर आपटलं.

पण मास्तर उठून बेसिनपाशी गेले आणि नळ सोडून उभे राहिले. तोंड धुवेनात, हात धुवेनात. नुसता नळ सोडून.

१९ एप्रिल, गुरुवार

घरात तिघंही बूट घालून फिरतोय. खालच्या मजल्यावरचे विचारून गेले, फर्निचर हलवताय का?

मास्तर ते बूट घालूनच शिकवायला जातात. क्लच कळत नाही पायाला, आज स्वतःच तीनदा गाडी बंद पाडली. विद्यार्थिनी म्हणे फार खूश झाली!

२४ एप्रिल, मंगळवार

दोघं भाऊ आता रोज बोलतात. रोज! विषय मात्र रस्त्याचाच. कुठलं वळण आंधळं, कुठे हॉर्न द्यायचा, पेट्रोल शेवटचं कुठे मिळतं. मास्तर एक शब्द जास्त बोलत नाहीत, पण सात वाजायला आले की फोनशेजारी जाऊन बसतात, पेपर उलटा धरून.

धाकट्याने बेत आखून दिलाय. पहिल्या दिवशी नदी, होडीतून. दुसऱ्या दिवशी भिंगरीला कडा, आम्हाला झिपलाइन, म्हणजे तारेला लटकून दरीपार (मला नको आहे, पण आता मास्तर तयार झाल्यावर मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू?). तिसऱ्या दिवशी खिंड ओलांडून पलीकडच्या कुरणात मुक्काम.

मला एकटीला फोनवर म्हणाला, "वहिनी, इथे तुम्हाला कुणालातरी भेटवायचंय."

"कुणाला?"

"भेटल्यावर सांगतो. दादा ओरडेल आधी. तुम्ही मध्ये पडा."

काय करून ठेवलंय याने? माझ्या डोक्यात नाही नाही ते येतंय. आता झोप कशी लागायची?

२ मे, बुधवार

बॅगा भरल्या. दहा दिवस आधी! मास्तरांनी तिन्ही बॅगा वजनकाट्यावर ठेवल्या, माझी उघडून दोन साड्या बाहेर काढल्या. "दोरावर साडी नेसणार आहेस?" लग्नाला इतकी वर्षं झाली, माझं कपाट उघडून बघायची ही त्यांची पहिलीच वेळ. मलाच कानकोंडं झालं.

५ मे, शनिवार

दुकानात टीव्ही कायम चालू असतो, आवाज बंद करून. एका बाईला डोळ्यांसमोर अक्षरांचा तक्ता दाखवत होते. ती म्हणाली, "तिसरी ओळ धूसर दिसते." मी मान वर केली, तर तिच्यामागे टीव्हीवर ती नदी. फोटोत पाहिलेली नदी – पण तपकिरी, फुगलेली, आणि मधला पूल नाही.

डोंगर खचला. रात्रभर पाऊस झाला म्हणे वर, आणि पहाटे अख्खा उतार खाली आला.

त्या बाईला तसंच खुर्चीत सोडून मी फोन लावत सुटले. नंबर लागत नाही. कॅम्पचाही नाही. मालक म्हणाले, जा घरी, मी बघतो.

मास्तर घरी आलेले होते. टीव्हीसमोर उभे. बूट घातलेले.

"काल सातला बोलला ना माझ्याशी," म्हणाले. "काल बोलला. वर कुरणात पोचलो म्हणाला, ग्रुप घेऊन."

त्यांना खुर्ची पुढे केली. बसले नाहीत.

६ मे, रविवार

मास्तर गेले. गाडी घेऊन, एकटेच. तीच सुट्टीची बॅग उचलली. भिंगरीने तिचा आणि माझाही रेनकोट आत कोंबला. "कुणाला तरी लागेल, बाबा."

मी म्हणाले, मीही येते. म्हणाले, "इथे कुणीतरी फोनपाशी हवं. त्याला आपला नंबर पाठ आहे."

निघताना नेहमीसारखे आरशात, किल्लीत, घड्याळात अडकले नाहीत. मागे वळूनही पाहिलं नाही.

७ मे, सोमवार

फोन! अनोळखी नंबर. घोगरा आवाज – मी ओळखला. पहिल्या दिवशी कॅम्पवर फोन उचललेली ती बाई.

"वहिनी का? मी... तुम्हाला माझं माहीत नसेल. मी त्यांची बायको."

मी ऐकलं. परत विचारलं. परत तेच म्हणाली.

बायको! लग्न! गेल्या हिवाळ्यात. तिथल्याच शाळेत शिकवते. आता त्याच शाळेत गावातले सगळे येऊन राहिलेत, कुणाचा तरी फोन मिळाला म्हणून मला लावला. "ते म्हणायचे, काही झालं तर आधी वहिनीला सांग."

मला एकाच वेळी इतकं काही विचारायचं होतं! बाहेर पडलं ते हे – "तू जेवलीस का?"

ती रडायला लागली. मग मीही. भिंगरी दोघींकडे – म्हणजे माझ्याकडे आणि फोनकडे – आळीपाळीने बघत राहिली.

धाकटा डोंगर खचायच्या आदल्या दिवशीच पर्यटक घेऊन वर कुरणात गेला होता. उतार कोसळला तो मध्येच. वरच्यांचा रस्ता तुटला. जिवंत आहेत, नाहीत, कुणाला काही माहीत नाही. दिवसा खिंडीपाशी धूर दिसला, असं कुणी म्हणतं. कुणी म्हणतं ढग.

"तुमचे दीर... नाही, मोठे..." तिला म्हणायचं काय ते कळेना.

"तुझे भावजी. ते निघालेत. मिशा, जाड मोजे, पिवळा रेनकोट. दिसले की थांबव त्यांना."

८ मे, मंगळवार

मास्तरांचा फोन आला, दोनच मिनिटं. पोचले. ती भेटली. पिवळ्या रेनकोटवरून तिनेच ओळखलं म्हणे.

"लग्न केलंय त्याने!" मला ओरडून सांगतात. "मला न सांगता!" आवाजात राग आणायचा प्रयत्न करत होते, येत नव्हता. "पोरगी बरी आहे गं. धीराची आहे."

आणि मग सहज म्हणावं तसं म्हणाले, "आम्ही ओढा ओलांडला आज. बचाववाल्यांबरोबर. दोरावरून."

"कुणी?"

"मीसुद्धा."

"खाली पाणी होतं?"

"असेल. मी समोर बघितलं."

मी भिंतीला टेकले. स्टुलावर न चढणारा माझा नवरा! म्हणाले, वर धूरच होता, ढग नव्हता. दुर्बिणीतून माणसं दिसली. उद्या त्यांच्याकडे दोर टाकायचा. मग रेंज गेली.

धूर होता! भिंगरीने हे सगळ्या जिन्यात ओरडून सांगितलं.

९ मे, बुधवार

सुखरूप! सगळे सुखरूप!

दुपारी टीव्हीवर पट्टी आली – 'वर अडकलेले सर्व पर्यटक सुखरूप'. मालकांनी आवाज मोठा केला. मी काउंटरवर डोकं ठेवून ढसाढसा रडले, समोरचं गिऱ्हाईक बिचारं उठून उभं राहिलं. मालकांनी दुकानात सगळ्यांना चहा दिला. चष्मा करायला आलेल्यांनासुद्धा!

घरी आल्यावर भिंगरी आणि मी पुन्हा पुन्हा तीच बातमी बघितली. कांबळी पांघरलेली माणसं एकेक करून दोरावरून या काठाला येतात, कुणी हसतंय, कुणी हमसून रडतंय. दाढीवाला दिसला नाही. कॅमेरा सारखा हलत होता. आणि तो कशाला दिसेल? तो पलीकडून लोकांना बांधून पाठवत असणार. ओरडत असणार – समोर बघा, माझ्याकडे काय बघताय!

मास्तरांचा फोन लागत नाही. जाऊबाईचाही नाही. (जाऊबाई! लिहून बघितलं.) असू दे. आता दोघं भाऊ बसले असतील बुटांबद्दल बोलत.

भिंगरी विचारते, आता तरी सुट्टीला जाऊ ना? म्हटलं, जाऊ. पूल होऊ दे आधी. मागच्या खोलीतला पलंग त्या दोघांसाठी झाडून ठेवला. नवी चादर घातली.

१० मे, गुरुवार

बातमी खरी होती. पर्यटक सगळे सुखरूप आहेत. गाइडला पर्यटकांत धरत नाहीत.

सगळ्यांना बांधून पाठवलं, शेवटी तो एकटा उरला. कमरेला दोर बांधत होता तेव्हा वरून उतार पुन्हा आला.

मास्तर या काठाला उभे होते. फोनवर एवढंच म्हणाले – "त्याने मला ओळखलं गं. हात वर केला होता."